ज्याला मावशी नाही, त्याचे कोण?



‘माय मरो, पण मावशी जगो’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. ऐकायला ती जरा कठोर वाटते. पण तिच्यात आपल्याकडची एक जुनी रीत सांगितली आहे. आई गेली, बाप परागंदा झाला, तरी लेकरू उघड्यावर पडत नसे. मावशी, आत्या, चुलता, आजोळ, कुणीतरी त्याला पदरी घेई. चार भाकरी थापायच्या तिथं पाच थापल्या, की झालं!

पण ज्याला मावशीच नाही, त्याचे काय? हा प्रश्न पुण्यात एका जोडप्याने दीडशे वर्षांपूर्वी स्वतःच्या अंगावर घेतला.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवाविवाहाला १८५६ च्या कायद्याने मुभा दिली होती खरी. पण कायदा कागदावर आणि रूढी उंबऱ्यावर. एखादी तरुण विधवा फसली, तर तिला विहीर दिसे, नाहीतर तान्ह्याचा गळा. फुल्यांनी तिला सांगितले, “इथं ये, सुखरूप बाळंत हो. मूल न्यायचं तर ने, ठेवायचं तर ठेव.”

१८७४ साली काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा अशीच तिथे आली. तिच्या मुलाला फुले दांपत्याने दत्तक घेतले आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. निराधारांसाठी गृह चालवणे मोठेच काम. पण त्यातलेच एक मूल आपल्या ताटाशी बसवून त्याला आपले नाव देणे, याला आणखी मोठी छाती लागते.

लोकांनी ते सहजासहजी मानले असेल, असे समजू नका. १८९० च्या नोव्हेंबरात जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे, यावर भाऊबंदांनी दत्तक मुलाच्या हक्काला हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले, असे चरित्रकार सांगतात. “हा तुमचा खरा मुलगा आहे का?” या प्रश्नाला त्या माउलीने असे चालत उत्तर दिले.

यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा मायलेकांनी मिळून रोग्यांची सेवा केली. त्या सेवेतच सावित्रीबाईंना प्लेग झाला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला.

आता आजचे पाहा. एकत्र कुटुंबे विभागली. मावशी शहरात दोन खोल्यांत राहते. चुलता ऊसतोडीला सहा-सहा महिने बाहेर. २०२० आणि २०२१ च्या कोरोनाच्या साथीत कितीतरी मुलांचे आईबाप गेले. म्हणजे मुलाची गरज तीच राहिली, पण त्याला सावरणारे हात कमी झाले.

म्हणून २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सांगितले, की मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय; आधी कुटुंब शोधा. दत्तक जाऊ न शकणाऱ्या मुलाला काही काळ दुसरे कुटुंब सांभाळू शकते. यालाच प्रतिपालन म्हणतात. दत्तकात मूल कायमचे त्या घरचे होते. प्रतिपालनात जन्मदात्यांशी नाते तुटत नाही. त्या कुटुंबाची पारख बाल कल्याण समिती करते, आणि पुढेही मुलाची विचारपूस ठेवते. महाराष्ट्रात निराधार मुलांच्या घरगुती सांभाळासाठी मदत देणारी बालसंगोपन योजना आहे. तिला सावित्रीबाईंचेच नाव आहे, हे किती यथार्थ!

पण पैशाने वही येते, मायेचे घर येत नाही. ते कुणीतरी उघडावे लागते.

गुरुजी, तुमच्या वर्गात एखादे पोर दुसऱ्याच्या घरी राहून शिकत असेल. हजेरी घेताना “तुझे खरे वडील कुठं?” असे चारचौघांत विचारू नका. आणि गावकरीहो, एखादे लेकरू पोरके दिसले, तर जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाला कळवा. जमत असेल, तर आपल्याच घरात विचारून पाहा: आपल्या चुलीवर पाचवी भाकरी होईल का?