सेनेगल 1, फ्रान्स 0 : एका सामन्यामागचा इतिहास

31 मे 2002. दक्षिण कोरियातील सेऊल शहरात फुटबॉल विश्वचषकाचा पहिला सामना होता. एकीकडे जगज्जेता फ्रान्स, तर दुसरीकडे पहिल्यांदाच विश्वचषक खेळणारा पश्चिम आफ्रिकेतला मुस्लिमबहुल देश सेनेगल. 30व्या मिनिटाला एल हाजी दियूफने डावीकडून चेंडू आत दिला आणि पापा बूबा दियोपने गोल केला. त्याने शर्ट काढून मैदानावर ठेवला आणि सगळे साथीदार त्याभोवती नाचले. शेवटपर्यंत फ्रान्सला बरोबरी साधता आली नाही.

हा आनंद एवढा मोठा का होता? सेनेगल 1960 पर्यंत फ्रान्सच्या ताब्यात होता. दुसऱ्या महायुद्धात पश्चिम आफ्रिकेतले जवान फ्रान्ससाठी लढले. परत आल्यावर त्यांनी हक्काचा थकलेला पगार मागितला, तेव्हा 1 डिसेंबर 1944 रोजी डाकारजवळच्या थियारोये छावणीत फ्रेंच सैन्यानेच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. किती जण मारले गेले, यावर आजही वाद आहे.

तरीही या विजयाला नुसता ‘बदला’ म्हणणे आम्हाला पटत नाही. सेनेगलचे जवळजवळ सगळे खेळाडू फ्रान्सच्याच क्लबांत खेळत होते. फ्रान्सचा पॅट्रिक व्हिएरा डाकारमध्ये जन्मलेला. सेनेगलचे प्रशिक्षक ब्रुनो मेत्सू तर स्वतः फ्रेंच! त्यांनी पुढे इस्लाम स्वीकारला. 2013 मध्ये त्यांचा इंतकाल झाला आणि डाकारच्याच मातीत त्यांची कबर आहे.

त्या स्पर्धेत फ्रान्स एकही गोल न करता पहिल्याच फेरीत बाहेर पडला. सेनेगल उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला आणि तिथे तुर्कस्तानकडून हरला.

आमच्या वर्गात मुले विचारतात, “सर, मग जुना हिशोब चुकता झाला का?” आम्ही सांगतो, नाही रे बाळांनो. एका गोलने थियारोयेच्या जवानांचा पगार मिळत नाही. पण ज्यांच्या आजोबांना हुकूम ऐकावा लागला, त्यांची नातवंडे त्याच लोकांसमोर बरोबरीने उभी राहिली, एकाच नियमाखाली, एकाच पंचाच्या शिट्टीवर. घरी मुलांबरोबर मॅच बघाल, तेव्हा हेही त्यांना जरूर सांगा.