दर्या की दऱ्या?

सॉफ्टवेअर तयार करताना सर्वांत अवघड काय असते? नेमके काय बनवायचे हे ठरविणे, असे उत्तर अमेरिकन संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९८७ साली दिले. मागणाऱ्याला एखादी गोष्ट इतकी उघड वाटते की तो ती सांगतच नाही आणि बनविणाऱ्याला नेमकी तीच ठाऊक नसते. याचे उदाहरण आम्हांला आपल्या लिपीतच सापडते.

रत्नागिरीच्या पश्चिमेस दर्या आहे आणि पूर्वेस सह्याद्रीच्या दऱ्या. दोन्ही शब्दांत र् आणि य जोडलेले आहेत. पण पहिल्यात र चा रफार होऊन तो य च्या डोक्यावर बसतो, तर दुसऱ्यात तो आडवा होऊन य च्या आधी येतो. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतही हाच फरक. मराठी माणसाला तो कधी सांगावा लागत नाही. हिंदीत मात्र आडव्या र ची गरज पडत नाही. त्यामुळे केवळ हिंदी डोळ्यांसमोर ठेवून देवनागरीची सोय केली, तर ही गरज सहज निसटते.

छापखान्यात आडव्या र चा वेगळा खिळा ठेवला की काम भागे. पण खिळ्यांची संख्या हीच मोठी अडचण होती. १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी लिपिशुद्धीचा प्रश्न हाती घेतला. इ, ई, उ, ऊ ही निराळी अक्षरे न ठेवता 'अ' लाच वेलांट्या व उकार जोडावेत, असे त्यांनी सुचविले. म्हणजे यंत्रासाठी लिपीने बदलावे, हा तेव्हाचा विचार. संगणकात अक्षर म्हणजे क्रमांकांची मालिका असते आणि तिच्यावरून आकार सॉफ्टवेअर काढते. आता यंत्राला लिपीप्रमाणे वळविता येते, पण त्यासाठी गरज अगोदर नेमकी सांगावी लागते.

१९९१ च्या 'इस्की' या भारतीय संकेतप्रणालीत द्राविडी भाषांतील वेगळ्या र साठी 'ऱ' हे अक्षर होते. त्याचे अर्धे रूप म्हणजेच मराठीचा आडवा र, असे ठरले. १९९६ च्या युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशी रीत होती. पुढे युनिकोडने इस्कीची रीत स्वीकारली, पण जुने लेखन वाचता यावे म्हणून आधीचीही चालू ठेवली. परिणाम असा की पटावर 'कऱ्हाडे' हे आडनाव एका रीतीने टंकलेले असले आणि शोधणाऱ्याने दुसरी रीत वापरली, तर साध्या शोधात ते सापडत नाही. डोळ्यांना मात्र दोन्ही सारखीच दिसतात!

'ॲ' चीही अशीच कथा. संकेतात हिंदी वळणाचा 'ऍ' आधीपासून होता. मराठी 'ॲ' ला स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली.

अशा गरजा लांबलचक वर्णनाने समजत नाहीत. 'दर्या' आणि 'दऱ्या' शेजारी लिहून दाखविले की क्षणात समजतात. म्हणूनच सॉफ्टवेअर बनविणारे आधी उदाहरणे मागतात आणि कच्चा नमुना करून दाखवितात.

हा प्रयोग वर्गात करता येईल. एका गटाने वाचनालयाची नोंदवही कशी हवी ते फक्त लिहून द्यावे, दुसऱ्याने ती आखावी. आखलेली वही पाहून पहिला गट ज्या त्रुटी काढील, त्या फळ्यावर लिहाव्यात. न सांगितलेल्या गरजांची ती यादीच असेल.