धरलेलं सोडायचं कसं

पत्र्याचा गठ्ठा फुलताना मी पहिल्यांदा पाहिला तो १९७८ साली, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये. आयटीआयचा फिटरचा कोर्स करून डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागलो होतो. पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी मला छपाईच्या लाइनीच्या तोंडाशी उभं केलं. हजार-बाराशे पत्र्यांचा गठ्ठा ट्रॉलीवरून आत सरकला, दोन काळ्या ठोकळ्यांच्या मध्ये येऊन थांबला आणि वरचे पाच-सात पत्रे आपणहून एकमेकांपासून सुटे झाले. कुणी हात लावला नव्हता, हवेचा फवारा मारला नव्हता. सगळ्यात वरचा पत्रा बोटानं दाबला की खाली जाई, बोट काढलं की पुन्हा वर येऊन थांबे.

"चुंबक आहे ते," मिस्त्री म्हणाले. "सगळ्या पत्र्यांना एकाच अंगानं चुंबक लावलं की ते एकमेकांना दूर ढकलतात. आता पुढे बघ."

पुढे हवा ओढणाऱ्या चोखण्या पत्रा उचलत होत्या आणि रोलरच्या रांगेवर ठेवत होत्या. त्या रांगेतले काही रोलर साधे होते, काही चुंबकाचे. तेलाचा हात फिरलेला, मिलिमीटरच्या पाव हिश्शाइतका पातळ पत्रा साध्या रोलरवर घसरतो, तिरका होतो, वेगात असला तर कोपरा उचलून उडतो. चुंबकाच्या रोलरवर तो असा बसतो की जणू खाली गोंद लावलाय. आणि तरीही पुढच्या क्षणी रोलर त्याला सोडून देतो. तो सरळ रेषेत पुढच्या रोलरच्या ताब्यात जातो. हे सोडणं मला तेव्हा दिसलंच नाही. धरणंच डोळ्यांत भरलं होतं.

डब्याच्या धंद्याला चुंबकाची इतकी सवय का लागली, ते डबा हातात घेतला की कळतं. आपण ज्याला टिनाचा डबा म्हणतो त्यात टिन, म्हणजे कथील, नावापुरतंच असतं. पातळ पोलादी पत्र्याच्या दोन्ही अंगांना कथिलाचा इतका बारीक थर, की तो मायक्रॉनमध्येच मोजावा लागतो. बाकी सगळं लोखंड. आपल्या देशात हा पत्रा बनवायला जमशेदपूरजवळ गोलमुरीला टिनप्लेट कंपनी उभी राहिली, तिची स्थापना १९२० सालची. तिच्या भागीदारांत टाटांबरोबर बर्मा ऑइल होती, कारण रॉकेल डब्यांतून विकलं जाई आणि डब्यांना पत्रा लागे. नंतर वनस्पती तुपाचे डबे आले. १९३७ पासून डालडा घराघरात गेला आणि त्याचा रिकामा पिवळा डबा कुणाच्या गॅलरीत तुळशीला, कुणाच्या न्हाणीत पाण्याला लागला. या सगळ्या डब्यांच्या पोटात लोखंड होतं, म्हणूनच चुंबकानं ते वाहून नेता आले. अ‍ॅल्युमिनियमचा डबा चुंबकाच्या पट्ट्यावर ठेवून बघा, तो तिथून सरळ खाली येतो.

आमच्या कारखान्यात बिनझाकणाचे गोल डबे तळमजल्यावरून माळ्यावर जात. त्यासाठी एक उभा पट्टा होता. पट्ट्याच्या पाठीमागे चुंबकांची सलग रांग, रांगेवर पितळेची पट्टी, पितळेवरून घासत जाणारा रबरी पट्टा आणि त्याच्या अंगाला चिकटून एकामागे एक चढणारे डबे. खालून वर पाहिलं की भिंतीवरून मुंगळ्यांची रांग चढावी तसं दिसे. माझ्या मनगटावर वडिलांनी दिलेलं एचएमटीचं घड्याळ होतं. महिनाभरात ते दिवसाला वीस-वीस मिनिटं पुढे पळायला लागलं. घड्याळजीनं आतली केसासारखी स्प्रिंग दाखवली, तिचे वेटोळे चुंबकानं एकमेकांना चिकटले होते. तेव्हापासून आम्ही सगळे फिटर घड्याळं लॉकरमध्ये ठेवूनच कामाला लागायचो.

दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. पट्ट्यामागची पितळेची पट्टी झिजून फाटली होती. स्टोअरमध्ये पितळ नव्हतं आणि रात्रपाळी सुरू व्हायची होती. मी त्याच मापाची लोखंडी पट्टी कापली, भोकं पाडली, काउंटरसंक स्क्रूनं बसवली. काम इतकं नेटकं झालं होतं की मला मनातून बरं वाटत होतं. लाइन सुरू झाली. पहिला डबा कमरेएवढा चढला आणि घसरला. दुसऱ्यानं त्याला खालून धडक दिली. पाच मिनिटांत पट्ट्याच्या पायथ्याशी चेपलेल्या डब्यांचा ढीग झाला आणि अख्खी पाळी वाया गेली.

मिस्त्री सकाळी आले. त्यांनी पट्टीवर खिळा टेकवला. तो जेमतेम चिकटला. मला रागावले नाहीत. म्हणाले, "चुंबकाला तू लोखंडाचा रस्ता दिलास, तो त्याच रस्त्यानं गेला. डब्यापर्यंत यायचं त्याला कारणच उरलं नाही." मग मला शिडीवर चढवून वरच्या टोकाला नेलं. तिथे चुंबकांची रांग पट्ट्याच्या वळणाच्या एक वीत आधी संपत होती. पट्टा पुढे जाऊन रोलरवरून वळत होता. पण डबा चुंबक संपतं तिथेच सुटून माळ्यावरच्या घसरगुंडीत पडत होता. "ही एक वीत बघ," ते म्हणाले. "आणखी दोन चुंबकं लावली असती तर डबा पट्ट्याबरोबर वळून पुन्हा खाली आला असता. धरायला काय, चुंबक जन्मापासून धरतंच. सोडायचं कुठं, ते माणसाला ठरवावं लागतं."

पुढे तीस वर्षं मी हीच यंत्रं सांभाळली आणि त्यांचा इतिहास मिळेल तिथून वाचला. वाचताना प्रत्येक ठिकाणी मला ती एक वीत दिसत गेली.

कारखान्यात विजेच्या चुंबकाला मिळालेल्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे रोलरच होता. विल्यम स्टर्जन यांनी इंग्लंडमध्ये १८२५ साली लोखंडाच्या वाकवलेल्या दांड्याभोवती तार गुंडाळून पहिलं विद्युतचुंबक केलं. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी तारेवर रेशमाचं आवरण घातलं, एकावर एक वेढे घेतले आणि शेकडो किलो उचलणारी चुंबकं केली. न्यूयॉर्क राज्यात क्राउन पॉइंट इथे पेनफील्ड यांचा लोखंडाचा कारखाना होता. तिथलं खनिज दळून त्यातली माती वेगळी करायची होती. त्यासाठी फिरत्या लाटेवर, म्हणजे रोलरवर, पोलादी खिळ्यांसारखे दात बसवलेले होते आणि दातांना चुंबकत्व दिलेलं होतं. लाट दळलेल्या खनिजावर फिरे, लोखंडाचे कण दातांना चिकटत, माती मागे राही. वापरून वापरून दातांचा जोर उतरे. त्यांना पुन्हा जोर द्यायला हेन्रींचं विद्युतचुंबक आणलं होतं. वाफेची आगगाडी नुकतीच धावू लागली होती, विजेचा दिवा अजून घराघरात यायचा होता, आणि चुंबकाची लाट कामाला लागलेली होती.

१८३३ साली शेजारच्या व्हरमाँटमधून थॉमस डेव्हनपोर्ट नावाचा लोहार ते चुंबक बघायला आला. शाळा फारशी न शिकलेला, ब्रँडन गावात भट्टी चालवणारा माणूस. ऐरण उचलून धरणारं ते लहानसं चुंबक पाहून तो इतका भारावला की ते विकत घेऊनच परतला. त्यासाठी भावाचा घोडासुद्धा विकावा लागला. घरी जाऊन त्यानं ते उलगडलं. बायको एमिली वेढ्यांची टिपणं घेत बसली. नवीन चुंबकाच्या तारेला आवरण हवं होतं तेव्हा तिनं आपल्या लग्नाचा रेशमी पोशाख फाडून त्याच्या चिंध्या दिल्या, असं सांगतात. १८३४ साली त्याची विजेची मोटर फिरली. २५ फेब्रुवारी १८३७ रोजी तिला अमेरिकेचं १३२ क्रमांकाचं पेटंट मिळालं.

या लोहाराबद्दल मला फार जवळचं वाटतं. लाटेवरची चुंबकं खनिज धरून ठेवत, ते काढून घ्यायला दुसरी युक्ती करावी लागे. डेव्हनपोर्टच्या ध्यानात आलं की तारेतली वीज तोडली की चुंबक आपोआप सोडतं. मग फिरता भाग ओढून जवळ आणायचा आणि तो जवळ येताक्षणी वीज उलटवायची, म्हणजे तो तिथं न अडकता पुढे जातो. आजही कितीतरी मोटर यावरच फिरतात. ऐन वेळी सोडलं नाही तर मोटर जागेवर गच्च बसेल. डेव्हनपोर्टला त्याचे पैसे मिळाले नाहीत. बॅटऱ्या महाग होत्या, भांडवल देणारे निघून गेले, आणि १८५१ साली तो गरिबीतच वारला. वीज स्वस्त व्हायला आणखी चार-पाच दशकं जायची होती.

थॉमस एडिसन यांनी हा पेच तिसऱ्याच बाजूनं सोडवला. १८८० साली त्यांनी खनिज वेगळं करायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्यात चुंबकाला काही धरायचंच नव्हतं. दळलेल्या खनिजाची धार वरून खाली सोडायची, बाजूला चुंबक ठेवायचं. वाळू सरळ पडते, लोखंड चुंबकाकडे जरासं झुकतं आणि पलीकडच्या खणात पडतं. धरलंच नाही, तर सोडण्याचा प्रश्न येतो कुठे? न्यू जर्सीत ऑग्डेन्सबर्गला त्यांनी या तत्त्वावर डोंगर फोडून दळणारा अवाढव्य कारखाना उभारला आणि त्यात जवळजवळ दहा वर्षं आणि सुमारे वीस लाख डॉलर घातले. अमेरिकेतल्याच मेसाबीच्या खाणींतून निघालेल्या कसदार आणि स्वस्त खनिजापुढे तो टिकला नाही. तिथल्या अजस्र दळणाच्या रोलरांचं ज्ञान पुढे त्यांच्या सिमेंटच्या कारखान्यात कामी आलं.

आमच्या हातातले रोलर मात्र वीज न लागणारे, कायम चुंबकाचे होते, आणि ते शक्य झालं धातूच्या कामामुळे. जुन्या पोलादी चुंबकांना धक्का सोसत नसे, उष्णता सोसत नसे. १९३१ साली जपानमध्ये तोकुशिची मिशिमा यांनी लोखंड, निकेल आणि अ‍ॅल्युमिनियम यांचं मिश्रण केलं. त्याच वाटेनं अ‍ॅल्निको आलं. आमच्या कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या यंत्रात घोड्याच्या नालेसारखी अ‍ॅल्निको चुंबकं होती. ती खोलली की आधी दोन टोकांवर लोखंडी तुकडा ठेवायचा, नाहीतर जोर जातो, हे मिस्त्री पाठ करून घेत. १९५०च्या दशकात हॉलंडच्या फिलिप्सनं लोखंडाचा गंज आणि बेरियमचा क्षार यांची पूड भट्टीत भाजून चिनी मातीच्या भांड्यासारखी चुंबकं केली. हेच फेराइट. काळं, ठिसूळ, स्वस्त, आणि आपला जोर सहजासहजी न टाकणारं.

आमचा रोलर मी एकदा उघडला होता. बाहेरून चुंबक न धरणाऱ्या जातीच्या स्टेनलेस स्टीलची नळी. आत दांड्यावर ओवलेल्या फेराइटच्या कड्या, प्रत्येक दोन कड्यांमध्ये मऊ लोखंडाची चकती. कड्या अशा ओवायच्या की शेजारशेजारची टोकं सारखी. त्यामुळे त्या एकमेकींना ढकलत राहतात आणि ओवताना दोन माणसांना जोर लावून नट आवळावा लागतो. कोंडलेला जोर चकतीच्या कडेतून बाहेर पडतो आणि पत्र्याला धरतो. एक कडी उलटी घातली गेली तर तेवढ्या जागी रोलर मेल्यासारखा होतो. १९८०च्या दशकापासून निओडिमियम आलं, त्याच्या सुपारीएवढ्या तुकड्यात बोट सापडलं तर नख काळं पडतं. पण साधं निओडिमियम ऐंशी अंशांच्या पुढे दमतं, आणि छपाई वाळवायच्या भट्टीच्या तोंडाशी आम्ही शेवटपर्यंत फेराइटच ठेवलं.

सोडण्याची सगळ्यात देखणी युक्ती मला ड्रममध्ये दिसते. चुंबक आत स्थिर, तेही अर्ध्या गोलापुरतंच, आणि बाहेरची नळी तेवढी फिरते. लोखंड नळीला चिकटतं, नळीबरोबर फिरत जातं, आणि चुंबक संपतं त्या बाजूला आलं की आपल्या वजनानं खाली पडतं. ना ब्रश, ना बटण. कोल्हापूरकडच्या फाउंड्र्यांत वापरलेल्या वाळूतून लोखंडाचे गोळे वेचायला चुंबकाच्या ड्रम-पुली चालतात. तिथे उभं राहिलं की मला माळ्यावरची ती एक वीत गोल वाकवून ठेवल्यासारखी वाटते.

निवृत्तीनंतर भाच्याकडे गेलो असताना एका साखर कारखान्यात गेलो होतो. गव्हाणीतून आलेला ऊस सुऱ्यांखाली तुटून पट्ट्यावरून मिलकडे जात होता आणि पट्ट्याच्या वर मोठं विद्युतचुंबक टांगलेलं होतं. लोखंडाचा तुकडा मिलच्या रोलरांत गेला तर त्यांचे दात फुटतात, म्हणून ते तिथं असतं. भाचा म्हणाला, "मामा, आता साफ करतायत, बघा." ऑपरेटरनं चुंबक पट्ट्यावरून बाजूला घेतलं आणि स्विच बंद केला. पत्र्याच्या ट्रेमध्ये खणखणत बोल्ट पडले, साखळीचे दुवे पडले, ट्रॉलीची पिन पडली. शेवटी कोयत्याचं एक पातं पडलं. मूठ उडालेली, धार सुऱ्यांनी खाल्लेली, पण पाठीवर लोहाराच्या हातोड्याच्या खुणा अजून स्पष्ट. कुठल्यातरी टोळीतल्या बाईच्या किंवा बाप्याच्या हातून ते मोळीत राहून गेलं असणार. मी ते उचललं. त्याला अजून थोडं चुंबकत्व उरलं होतं, टोकाला लोखंडाचा बारीक कीस चिकटून आला. तो मी अंगठ्यानं पुसून काढला आणि पातं ट्रेच्या कडेला ठेवलं, कुणी विचारत आलं तर सापडावं म्हणून.