सदसद्विवेकाची किंमत

मुरुड म्हटलं की लोकांना जंजिरा आठवतो. आमचं मुरुड ते नव्हे. हे रत्नागिरी जिल्ह्यातलं, दापोली तालुक्यातलं, नारळी-पोफळीच्या वाड्यांत दडलेलं मुरुड. महर्षी धोंडो केशव कर्वे लहानाचे मोठे झाले ते गाव. अण्णांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ यांचा जन्मही इथलाच, १४ जानेवारी १८८२ चा, हे मात्र पाहुण्यांना मुद्दाम सांगावं लागतं.

रघुनाथरावांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. ते देशातलं पहिलं. मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपला दवाखाना उघडला तोही त्याच वर्षी. रघुनाथरावांवर आजवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला आज त्यांच्या कामाच्या पलीकडच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाविषयी बोलायचं आहे. रघुनाथरावांनी जो प्रश्न चव्हाट्यावर आणला, तो सगळ्यांत जड गेला असेल तर श्रद्धावान कॅथलिक डॉक्टरला. त्यातही फॅमिली डॉक्टरला.

फॅमिली डॉक्टरच का? तज्ज्ञ डॉक्टरला आपलं क्षेत्र निवडता येतं. डोळ्यांच्या डॉक्टरला कोणी पाळणा लांबवण्याचा उपाय विचारत नाही. घरच्या डॉक्टरचं तसं नसतं. सासूचे गुडघे, नातवाचा ताप आणि नव्या सुनेने खालच्या आवाजात विचारलेला प्रश्न, हे सगळं एकाच खोलीत, एकाच टेबलासमोर येतं. माझ्या लहानपणी डॉक्टर घरी आले की आई परातीत गरम पाणी, नवा साबण आणि धुतलेला टॉवेल काढून ठेवायची. दुखणं तपासून झाल्यावर घरातली दुसरी गोष्ट हळूच निघायची. ती बहुधा औषधापेक्षा मोठी असायची.

या व्यवसायात कॅथलिक माणूस आणि त्याचा धर्म यांचं कायम भांडणच होतं, असं मुळीच नाही. मुंबईत धोबी तलावाजवळ, मेट्रो सिनेमाच्या समोर, डॉ. अकासियो व्हिएगस यांचा पुतळा आहे. हे गोव्यातल्या हडफड्याचे कॅथलिक. जन्म १८५६ चा. ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन त्यांनी मांडवी भागात व्यवसाय मांडला. सप्टेंबर १८९६ मध्ये त्या दाट वस्तीतले रोगी तपासताना ताप आणि जांघेतली गाठ पाहून त्यांनी ओळखलं, की हा प्लेग आहे. धक्क्यावरच्या व्यापाराला आणि सरकारला ही बातमी नको होती, पण व्हिएगस यांनी ती दडवली नाही. पुढे तज्ज्ञांनी त्यांचं निदान खरं ठरवलं. वस्त्यांची सफाई, उंदरांचा नायनाट यांसाठी ते झटले, हाफकिन यांची लस आल्यावर त्यांनी स्वतः हजारो लोकांना ती टोचली आणि १९०६ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. रोग्याची सेवा ही त्यांच्या धर्माचीही शिकवण आणि धंद्याचाही नियम. दोन्ही आज्ञा एकाच दिशेने जात होत्या.

१९२१ नंतर त्या वेगळ्या झाल्या. सुरुवातीला तर सगळेच विरोधात होते. रघुनाथराव विल्सन कॉलेजात गणित शिकवत. कॉलेज स्कॉटिश मिशनऱ्यांचं, म्हणजे प्रॉटेस्टंट. संततिनियमनाचं काम किंवा नोकरी, असा प्रश्न आला तेव्हा १९२५ साली त्यांनी नोकरी सोडली. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांची बाजू मांडायला उभे राहिले. १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी मासिक बंद पडू दिलं नाही.

१९३० साली ख्रिस्ती जगात फूट पडली. त्या वर्षी इंग्लंडमध्ये लँबेथ इथे जमलेल्या अँग्लिकन बिशपांनी काही अटींवर संततिनियमनाला वाट करून दिली. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, पोप अकरावे पायस यांनी रोमहून परिपत्रक काढून कृत्रिम साधनं निषिद्ध ठरवली. कॅथलिकांचा युक्तिवाद असा : पती-पत्नीचं मीलन आणि त्यातून जीव जन्माला येण्याची शक्यता या देवाने एकत्र बांधलेल्या गोष्टी आहेत, माणसाने त्या तोडू नयेत. हा विचार आपल्याला पटो न पटो, त्याला एक तर्क आहे, हे मान्य करायला हवं.

मी मुसलमान घरातला. आमच्याकडे हा वाद वेगळ्या वळणाने गेला. इमाम गझाली ११११ साली वारले. त्यांनी आपल्या ग्रंथात, वीर्य बाहेर टाकून गर्भ टाळण्याच्या रीतीची चर्चा केली आहे आणि ती निषिद्ध नाही असं म्हटलं आहे. म्हणून आमच्या समाजात हा प्रश्न सुटला असं नाही. गझाली कपाटात राहतात आणि मोहल्ल्यात ऐकीव गोष्टी चालतात. मुद्दा एवढाच, की धर्म आणि पाळणा यांचं नातं एकट्या कॅथलिकांचं नाही. फक्त त्यांच्याकडे निर्णय देणारं एकच पीठ आहे, म्हणून तिथला डॉक्टर ‘दुसऱ्या मौलवींना विचारतो’ असं म्हणू शकत नाही.

मग त्याने करायचं काय? एक फट उरली होती. जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस या दोन डॉक्टरांनी विसाच्या दशकात, स्त्रीच्या पाळीच्या चक्रात गर्भ राहण्याचे दिवस थोडेच असतात, हे स्वतंत्रपणे दाखवलं. ते दिवस टाळणं म्हणजे संयम, साधन नव्हे. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी इटलीतल्या सुइणींसमोर बोलताना गंभीर कारण असेल तर या रीतीला मोकळीक दिली.

आता गंमत पाहा. आपल्या स्वतंत्र भारताच्या सरकारने पहिल्यांदा आजमावून पाहिली ती हीच रीत. राजकुमारी अमृत कौर आरोग्यमंत्री होत्या. त्या गांधीजींच्या शिष्या. साधनांपेक्षा संयमावर त्यांचा भर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५१ साली डॉ. अब्राहम स्टोन यांना बोलावण्यात आलं आणि दिल्लीची लोदी कॉलनी आणि म्हैसूर राज्यातलं रामनगरम इथे प्रयोग झाला. बायकांना दिवस मोजता यावेत म्हणून वेगवेगळ्या रंगांच्या मण्यांच्या माळा दिल्या. रोज एक मणी सरकवायचा, रंग बघून दिवस ओळखायचा. काही बायकांना वाटलं, मणी सरकवले की झालं, बाकी माळ बघून घेईल! त्या बायकांना हसू नये. त्यांना माळ दिली गेली, पण नवऱ्याला ‘आज नको’ म्हणण्याची ताकद कोणी दिली नव्हती. दिवस मोजण्याची कुठलीही पद्धत अखेर दोघांच्या कबुलीवर चालते.

या कोंडीतून दोन डॉक्टरांनी दोन वाटा काढल्या. अमेरिकेत बोस्टनजवळ डॉ. जॉन रॉक नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते, जन्म १८९०. रोज चर्चमध्ये मिस्साला जाणारे कॅथलिक. रोग्यांना त्यांनी आधी दिवस मोजायलाच शिकवलं. पुढे ग्रेगरी पिंकस यांच्याबरोबर संततिनियमनाच्या गोळीच्या चाचण्या केल्या. १९६० साली तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. रॉक यांचं म्हणणं, गोळी शरीराचेच सुरक्षित दिवस लांबवते, मग धर्माची हरकत का असावी? १९६३ साली पुस्तक लिहून त्यांनी चर्चला उघड विनंती केली. दुसरी वाट मेलबर्नच्या बिलिंग्ज दांपत्याची. जॉन मज्जाविकारतज्ज्ञ, एव्हलिन बालरोगतज्ज्ञ. चर्चची मर्यादा त्यांनी मान्य केली आणि १९५३ पासून त्या मर्यादेत अधिक भरवशाचं काही सापडतं का, याचा शोध घेतला. कॅलेंडरऐवजी स्त्रीने आपल्याच शरीरातल्या खुणा ओळखाव्यात, अशी पद्धत त्यांनी बसवली. जगभर फिरून शिकवली.

या गोष्टीचा धागा मुंबईतही येतो. पोपनी १९६३ साली या प्रश्नावर आयोग नेमला होता. त्याच्या शेवटच्या टप्प्यात, १९६६ साली, ज्या कार्डिनल-बिशपांना सदस्य केलं होतं, त्यांत मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस होते. आयोगातल्या बहुमताचा कौल बदलाच्या बाजूने पडला. पण पोप सहावे पॉल, जे १९६४ च्या डिसेंबरात मुंबईला येऊन गेले होते, त्यांनी २५ जुलै १९६८ च्या परिपत्रकात जुनाच निर्णय कायम ठेवला. रॉक यांनी मिस्साला जाणं सोडलं. १९८४ साली ते वारले. वांद्र्यात, वसईत, गोव्यात दवाखाना चालवणाऱ्या कॅथलिक डॉक्टरांसमोर दुसऱ्या दिवशी सकाळी तेच रोगी आणि तोच प्रश्न होता.

‘धर्म घरी ठेवा आणि दवाखान्यात विज्ञान,’ असा सोपा सल्ला आपण देतो. डॉक्टरने स्वतःचा विवेक घरी ठेवला की काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. आणीबाणीत, १९७६-७७ च्या एका वर्षात, देशात ऐंशी लाखांहून जास्त नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षकांना, तलाठ्यांना उद्दिष्टं नेमून दिली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचा कायदाच मंजूर केला होता. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो अंमलात आला नाही. त्या शिबिरांत सुरी डॉक्टरच्याच हातात होती. समोरचा माणूस राजीखुशीने आलेला नाही हे दिसत असताना ‘मी हे करणार नाही’ म्हणणारा डॉक्टर कुठल्याही धर्माचा असता, तरी तो समाजाला हवा होता. म्हणून डॉक्टरचा नकाराचा हक्क मला मोलाचा वाटतो. रघुनाथरावांनी आयुष्यभर साधनं दिली, ती मागायला आलेल्यांना दिली. सक्ती हा त्यांचा मार्ग नव्हता.

पण या हक्काला हद्द आहे, आणि ती कुठे आहे हे आपल्या सीमाभागातल्या बेळगावच्या एका लेकीने प्राण देऊन दाखवलं. सविता हलप्पनवार, दंतवैद्य, वय ३१. ऑक्टोबर २०१२ मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात, सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ पडू लागला. वाचणार नाही हे डॉक्टरांना कळत होतं. तिने गर्भ काढून टाकण्याची विनंती केली. गर्भाचे ठोके चालू होते, म्हणून नकार मिळाला. कॅथलिक श्रद्धेच्या छायेत घडलेल्या तिथल्या राज्यघटनेत गर्भपाताला जवळजवळ बंदी होती. जंतुसंसर्ग रक्तात पसरून २८ ऑक्टोबरला ती गेली. चौकशीत तिच्या देखरेखीतल्या हलगर्जीपणावर बोट ठेवलं गेलं, आणि ठोके थांबण्याची वाट पाहत राहण्यावरही. २५ मे २०१८ रोजी आयर्लंडच्या जनतेने सार्वमत घेऊन ते कलम काढून टाकलं. मत देणाऱ्यांत कॅथलिकच बहुसंख्य होते.

ही सगळी नावं एकापुढे एक ठेवली की मला एक कसोटी दिसते. श्रद्धेची किंमत कोण मोजतंय? व्हिएगस यांनी धनिकांचा रोष पत्करला. बिलिंग्ज दांपत्याने आयुष्य एका कामात घातलं. रॉक यांना आपल्या जिवाभावाच्या चर्चपासून दूर जावं लागलं. कसलीच श्रद्धा न मानणाऱ्या रघुनाथरावांनी नोकरी गमावली. या सगळ्यांनी आपल्या निष्ठेचं बिल स्वतः भरलं. सविताच्या बाबतीत निष्ठा एका व्यवस्थेची होती आणि बिल तिच्या नावावर फाडलं गेलं.

जो कॅथलिक फॅमिली डॉक्टर आजही गोळी लिहून द्यायची नाही असं ठरवतो, त्याला मी दोष देणार नाही. त्याने एवढं करावं : हे पहिल्याच भेटीत सांगावं, हळदी लागल्या अंगाने आलेल्या पोरीला तासभर ताटकळत ठेवून नव्हे. गोळीविषयी खोटी भीती घालू नये. दुसरीकडे उपाय मिळतो हे लपवू नये. आणि जीव धोक्यात असेल तर आधी जीव वाचवावा. आपल्याकडच्या वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनीही डॉक्टरला रोगी निवडण्याची मुभा देताना तातडीच्या हाकेला मात्र धावून जायला सांगितलं आहे.

शहरात अशा डॉक्टरच्या शेजारी दुसऱ्याची पाटी असते. खेड्यात ती नसते. दहा-बारा मैलांत एकच दवाखाना असेल, तर तिथल्या डॉक्टरचा नकार हा त्या बाईपुरता सगळ्या जगाचा नकार होतो. तिला पुढच्या गावाची एसटी पकडावी लागते, दिवसाची मजुरी बुडते, घरात कारण सांगावं लागतं. डॉक्टरने आपला धर्म जरूर पाळावा. नाही म्हणण्याआधी त्या एसटीचं भाडं कोण देणार आहे, एवढं मनाशी विचारावं.