पेन्यीस्कोला

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरील, कास्तेयोन प्रांतातील ऐतिहासिक नगर. लोकसंख्या सुमारे आठ हजार. उन्हाळ्यात ती कितीतरी पटींनी वाढते. जुने गाव भूमध्य समुद्रात शिरलेल्या खडकावर वसले असून वाळूच्या अरुंद पट्टीने मुख्य भूमीला जोडलेले आहे. पूर्वी वादळात ही पट्टी पाण्याखाली जाई. खडकातच गोड्या पाण्याचे झरे असल्याने वेढ्यात गावाचा निभाव लागे.

अरब अमलाखालील हे ठाणे १२३३ मध्ये आरागॉनच्या पहिल्या जेम्सने घेतले. अरब गढीच्या जागी टेम्पलर धर्मयोद्ध्यांनी १२९४ ते १३०७ या काळात सध्याचा किल्ला बांधला. मात्र १३१२ मध्ये त्यांचा संघच बरखास्त झाला आणि किल्ला मोंतेसा संघाकडे गेला.

गावाची कीर्ती मुख्यतः पेद्रो दे लूना, म्हणजे तेरावा बेनेडिक्ट, याच्यामुळे. आव्हीन्यों येथे १३९४ मध्ये निवडला गेलेला हा पोप १४११ मध्ये येथे आला. कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने १४१७ मध्ये त्याला पदच्युत केले. तो निर्णय त्याने मानला नाही आणि मूठभर अनुयायांसह १४२३ मध्ये मरेपर्यंत आपणच खरे पोप असल्याचे तो सांगत राहिला. त्याचा वारसदारही येथेच निवडला गेला. त्याने १४२९ मध्ये हक्क सोडला. गावात ‘पापा लूना’चा इतका उदोउदो चालतो की किल्ला त्यानेच बांधला असे वाटावे. समुद्राकडील सान पेद्रो दरवाजा मात्र त्याचाच. पालथी चंद्रकोर असलेले त्याचे कुलचिन्ह तेथे आजही दिसते.

दुसऱ्या फिलिपच्या काळात इटालियन स्थापत्यकार आंतोनेल्ली याने १५७६ ते १५७८ दरम्यान तोफांच्या युद्धाला साजेशी तटबंदी बांधली. फ्रेंचांनी १८१२ मध्ये गाव घेतले.

तटाच्या आतील पांढऱ्या घरांच्या चढत्या गल्ल्या पायीच पाहाव्यात. ‘एल बुफादोर’ या खडकातील भगदाडातून खवळलेला समुद्र गर्जत फवारे उडवतो. ‘एल सिद’ (१९६१) या चित्रपटात हेच गाव व्हॅलेन्सिया म्हणून दाखवले आहे.

सप्टेंबरमध्ये ग्रामदेवता व्हर्जिन दे ला एर्मिताना हिचा उत्सव होतो. मुख्य दिवस ८ सप्टेंबर. ‘दान्सांत’ हे पारंपरिक नर्तक एकमेकांच्या खांद्यांवर चढून मनोरे रचतात. मूर व ख्रिश्चन यांच्या वेशातील मिरवणुकाही निघतात.

उत्तरेकडील लांब पुळणीवर हॉटेलांची रांग लागली आहे. दक्षिणेकडील सिएरा दे इर्ताचा खडकाळ किनारा २००२ पासून नैसर्गिक उद्यान म्हणून संरक्षित आहे.