दुधाची दाढ, दंतगरोपचार आणि भेटींची संख्या : भामरागडच्या संदर्भात

दुधाचा दात आज ना उद्या पडणारच, मग त्यावर उपचार कशाला, हा प्रश्न खेड्यात आणि शहरात सारखाच विचारला जातो. त्याचे उत्तर दातांच्या कालक्रमात आहे. मुलाच्या २० दुधाच्या दातांपैकी मागच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत टिकावयाच्या असतात. पहिली कायमची दाढ मात्र सहाव्या वर्षाच्या सुमारासच त्यांच्या मागे उगवते. दुधाची दाढ अकाली काढली तर ही कायमची दाढ पुढे सरकते आणि हिरडीखाली वाढत असलेल्या उपदाढेची जागा अडविते. म्हणून कीड दंतगरापर्यंत, म्हणजे दाताच्या पोकळीतील रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेल्या मऊ भागापर्यंत, पोचली तरी दाढ राखण्याची खटपट दंतवैद्यक करीत आले आहे.

या खटपटीचा इतिहास बहुधा औषधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. भामरागडसारख्या प्रदेशाचा विचार करताना तो भेटींच्या संख्येचा इतिहास म्हणून वाचणे अधिक उद्बोधक ठरते. १८३६ मध्ये अमेरिकेतील स्पूनर यांनी दंतगर मारण्यासाठी सोमल वापरण्याचा पुरस्कार केला. वेदना थांबत, परंतु दातात भरलेला सोमल ठरल्या दिवशी काढून घ्यावा लागे. रोगी परतलाच नाही, तर ते विष हिरडीत व हाडात झिरपून इजा करी. १९०४ मध्ये बकली यांनी फॉर्मोक्रेसॉल हे मिश्रण पुढे आणले आणि १९३० मध्ये स्वीट यांनी दुधाच्या दाढांसाठी त्याचा उपयोग प्रचारात आणला. दाढेच्या माथ्यातील रोगट गर काढावयाचा, मुळांतील गर तसाच राखावयाचा आणि त्याच्या छेदावर हे औषध ठेवावयाचे, अशी ही पल्पॉटॉमी. स्वीट यांच्या मूळ पद्धतीत ती अनेक भेटींत पुरी होई. पुढील काळात भेटी घटत गेल्या. १९६८ मध्ये रेडिग यांनी एका भेटीतील पाच मिनिटांच्या पद्धतीची दोन भेटींच्या पद्धतीशी तुलना केली, तेव्हा दोहोंच्या यशात फार मोठे अंतर आढळले नाही. विदर्भाच्या दृष्टीने हेच वर्ष आणखी एका कारणाने लक्षणीय आहे : नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ मध्येच सुरू झाले.

पाच भेटींवरून एका भेटीवर येणे ही शहरातील पालकांना सोय वाटेल. पर्लकोटेच्या पलीकडे राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र उपचार होणार की नाही, हेच त्यावर ठरते. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा यांच्या संगमावर वसलेल्या भामरागडपासून नागपूर सुमारे ३५० किलोमीटर. पर्लकोटेला पूर आला की आलापल्लीकडचा रस्ता तुटतो. २०१९ च्या पावसाळ्यात तर गावातच पाणी शिरले होते. १९८२ मध्ये गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाल्याने मुख्यालय जवळ आले, नदी मात्र होती तेथेच राहिली.

या परिसरात आधुनिक वैद्यकाचा स्थायी पाया घातला गेला तो २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी हेमलकसा येथे स्थापन केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पामुळे. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे हे दोघेही दंतवैद्य नव्हेत. वीज नसताना, समोर येईल त्या रोगावर इलाज करणे हेच त्यांच्या आरंभीच्या वर्षांचे स्वरूप होते. दंतगरोपचाराच्या इतिहासात त्यांचे नाव घालण्याचे कारण वेगळे आहे. ते माडिया भाषा शिकले. वरवर पाहता ही गोष्ट दातांशी संबंधित नाही. परंतु दुधाच्या दाढेतील गर जिवंत आहे की सडला, हे ठरविण्याचे साधन प्रामुख्याने मुलाचे व आईचे सांगणे हेच असते. थंड पाणी लागताच कळ येते आणि लगेच थांबते, की काही न खाता रात्री मूल रडत उठते? पहिल्या स्थितीत मुळांतील गर वाचू शकतो; दुसरीत तो वाचण्याची आशा थोडी. सूज, हिरडीवरील पुवाची पुळी आणि क्ष-किरण चित्र यांनी निदानाला पुष्टी मिळते. गार वा ऊन लावून केलेली परीक्षा लहान मुलांत भरवशाची नसते. अशा वेळी माडिया न जाणणाऱ्या वैद्यापुढे मूल गप्प राहिले, तर एक उपकरणच हरवले म्हणावयाचे.

औषधांचा प्रवास १९६८ नंतरही थांबला नाही. १९९३ मध्ये तोराबिनेजाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी एम.टी.ए. हे खनिजमिश्रण पुढे आणले. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मोक्रेसॉलमधील फॉर्माल्डिहाइड हे मानवात कर्करोगकारक ठरविले. त्यानंतर एम.टी.ए.कडे कल वाढला, पण ते महाग आहे. खरे वळण दुसरीकडून आले, आणि ते दंतगरोपचार टाळण्याचे वळण होते. १९८० च्या दशकात टांझानियात फ्रेंकन यांनी वीज व यंत्राविना, केवळ हातातील अवजारांनी कीड खरवडून दात भरण्याची पद्धत विकसित केली; १९९४ च्या जागतिक आरोग्य दिनी जागतिक आरोग्य संघटनेने तिचा पुरस्कार केला. स्कॉटलंडमधील नॉर्ना हॉल यांनी तर कीड न काढता, सुईही न टोचता, दुधाच्या दाढेवर पोलादी टोपी बसविली. त्यांच्या अनुभवाची छाननी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. २०२१ मध्ये ग्लास आयोनोमर सिमेंट आणि किडीची वाढ रोखणारे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड ही दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली. या साऱ्या उपायांना अट एकच : गर सडण्यापूर्वी कोणीतरी तोंड उघडून पाहिले पाहिजे.

भामरागड परिसरात ते पाहण्याची खात्रीची जागा म्हणजे निवासी आश्रमशाळा. हेमलकशाची शाळा १९७६ पासून चालू आहे. मूल तेथे महिनोन्‌महिने राहत असल्याने दुसरी भेट कल्पनेत तरी शक्य होते. पहिलीत ते येते सहाव्या वर्षी, म्हणजे पहिली कायमची दाढ उगवण्याच्या सुमारास. विदर्भातील शाळा उघडतात जूनअखेरीस. पुढच्या महिन्यात पर्लकोटेला पूर येऊ लागतात.