स्क्रू-ड्रायव्हर कोणाच्या हाती? रेडिओपासून मोबाइलपर्यंत नगर जिल्ह्यातील दुरुस्तीचा इतिहास

१/
भारतातील मोबाइलचा इतिहास एका ठरलेल्या तारखेपासून सुरू होतो : ३१ जुलै १९९५. त्या दिवशी कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी संवाद साधला. मात्र देशातला पहिला मोबाइल कधी हातातून पडला, तो कोणी उघडला आणि कोणी पुन्हा बोलता केला, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. या धाग्याचा विषय इतिहासाची ही दुसरी बाजू आहे. स्थळ : अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा. #थ्रेड #इतिहास

२/
ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ साली ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात एक साधा आक्षेप नोंदवला. तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणून आपण बहुधा शोधांचा इतिहास लिहितो, वापराचा नव्हे. वापराचा इतिहास लिहायला घेतला की देखभाल आणि दुरुस्ती आपोआप केंद्रस्थानी येतात, कारण कोणतेही यंत्र आपल्या आयुष्याचा मोठा भाग ‘नवे’ म्हणून नव्हे, तर ‘चालू ठेवलेले’ म्हणून काढते.

३/
नगर जिल्ह्यात या दृष्टीने पाहण्याजोगी पहिली मोठी घटना १९५६ ची आहे. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणी पुणे केंद्राने ‘रेडिओ शेती मंडळां’चा प्रयोग हाती घेतला. मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्हे निवडले गेले : पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. सुमारे १५० गावांत मंडळे स्थापन झाली. १९ फेब्रुवारी ते १९ एप्रिल या दोन महिन्यांत प्रत्येकी अर्ध्या तासाचे २० कार्यक्रम झाले. ऐका, चर्चा करा, कृती करा, अशी ही त्रिसूत्री होती. मूळ कल्पना कॅनडातील शेतकरी मंडळांची.

४/
प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. पॉल न्यूरॅथ यांच्या मार्गदर्शनाखाली तीन प्रकारच्या गावांची तुलना झाली : मंडळाची गावे, केवळ रेडिओ असलेली गावे आणि रेडिओही नसलेली गावे. मंडळाच्या गावांत शेतीविषयक ज्ञानात स्पष्ट वाढ दिसली. याच यशावर १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. निष्कर्ष सर्वज्ञात आहे. त्यामागची अट मात्र क्वचितच सांगितली जाते. ठरलेल्या सायंकाळी गावातला संच चालू असणे, ही ती अट.

५/
ही अट सोपी नव्हती. बहुतांश खेड्यांत वीज नव्हती, त्यामुळे संच बॅटरीवर चालत. त्या काळच्या व्हॉल्व्हच्या संचाला दोन वेगळे विद्युतदाब लागत : व्हॉल्व्हमधील तार तापवण्यासाठी अगदी कमी आणि मुख्य कार्यासाठी साधारण ९० व्होल्ट. एक बॅटरी उतरली तरी अख्खा संच मुका. काचेचा व्हॉल्व्ह बैलगाडीच्या धक्क्यानेही निकामी होई. संचांची उभारणी आणि देखभाल सरकारी यंत्रणेकडे होती. संच गावाचा, पण तो उघडण्याचा अधिकार व कौशल्य गावाबाहेर, अशी ती रचना होती.

६/
ही रचना मोडली ती ट्रान्झिस्टरने. साठच्या आणि सत्तरच्या दशकांत रेडिओ चावडीवरून घरात, घरातून खांद्यावर आला. साध्या सेलवर चालणाऱ्या या संचाची मालकी खासगी झाली आणि दुरुस्तीही. ऐंशीच्या दशकापर्यंत रेडिओ बाळगण्यासाठी पोस्टातून परवाना घ्यावा लागे. दुरुस्तीच्या दुकानासाठी मात्र एक टेबल, सोल्डरिंग आयर्न, मल्टीमीटर आणि राळेचा डबा पुरेसा होता. आयटीआयमधील रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा अभ्यासक्रम आणि उस्तादाच्या हाताखालची उमेदवारी, या दोन वाटांनी कारागीर घडू लागले.

७/
या पिढीने एक विचारपद्धती घडवली. आधी वीज येते का ते पाहायचे, मग आवाज कुठपर्यंत पोहोचतो ते पाहायचे. स्पीकर ठीक आहे का? त्याआधीचा टप्पा? त्याच्याही आधीचा? यंत्राचे भाग पाडून दोषाचे क्षेत्र निम्म्या-निम्म्याने कमी करत नेणे, हे या पद्धतीचे सार. पुढे मोबाइल आला तेव्हा सुटे भाग बदलले, आकार सूक्ष्म झाला, परंतु दोष शोधण्याची ही तर्कशुद्ध शिस्त तशीच टिकली.

८/
मोबाइल सर्वसामान्यांच्या हाती आला तो २००३ नंतर. त्या वर्षीच्या मे महिन्यापासून येणाऱ्या कॉलचे पैसे भरण्याची पद्धत संपुष्टात आली आणि वर्षअखेरीस नोकियाने ११०० हा फोन बाजारात आणला. धूळ आत जाऊ नये म्हणून एकसंध रबरी कीपॅड, हातातून निसटू नये अशा कडा आणि वर टॉर्च. रात्रीच्या वेळी शेतीपंपाला वीज मिळणाऱ्या शेतकऱ्याला या टॉर्चचे मोल वेगळे सांगावे लागत नव्हते. जगभरात या फोनचे २५ कोटींहून अधिक नग विकले गेले.

९/
या फोनचे आणखी एक वैशिष्ट्य इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे : तो सहज उघडता येत असे. मागचे झाकण नखाने निघे, बॅटरी हाताने. त्यामुळे १४ ऑगस्ट २००७ रोजी नोकियाने बीएल-५सी बॅटरीबाबत इशारा दिला, तेव्हा ग्राहकाला तपासणी स्वतःच करता आली. डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांचा हा प्रश्न होता. बॅटरी काढायची, मागचा क्रमांक पाहायचा, एवढेच. कारागिरांची कसोटी तर त्याहून सोपी : बॅटरी सपाट टेबलावर ठेवून फिरवायची. भिंगरीसारखी फिरली तर ती फुगलेली आहे.

१०/
नगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. विस्तार सुमारे १७,०४८ चौरस किलोमीटर, तालुके १४. पश्चिमेला अकोल्याचा कळसूबाईचा डोंगरपट्टा, पूर्वेला जामखेड. एवढ्या अंतरात कंपनीचे अधिकृत केंद्र गाठणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवणे. पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी तर फोन हा गावी राहिलेल्या मुलांशी आणि वृद्धांशी असलेला एकमेव धागा. तालुक्याच्या बाजारपेठेतील मोबाइल दुरुस्तीचे छोटे दुकान वाढले ते या गरजेपोटी.

११/
या दुकानात तपासणीचा क्रम कसा असतो? सर्वप्रथम प्रश्न : पडला, भिजला की आपोआप बंद झाला? मग बॅटरीच्या जागी डीसी पॉवर सप्लाय जोडला जातो आणि त्यावरील प्रवाहाचा आकडा वाचला जातो. बटण दाबण्यापूर्वीच प्रवाह वाहू लागला तर बोर्डवर कुठेतरी शॉर्ट आहे. बटण दाबूनही आकडा शून्यच राहिला तर मार्ग कुठेतरी तुटला आहे. आकडा थोडा चढून पुन्हा खाली आला तर फोन सुरू होऊ पाहतो, पण अडतो. वैद्याने नाडी पाहावी तशी ही परीक्षा.

१२/
शॉर्ट आहे हे कळले, पण शेकडो सूक्ष्म घटकांतून दोषी कोणता? येथे जुनी राळ नव्या रूपात परतते. सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर राळ तापवून तिचा धूर बोर्डवर धरतात. त्याचा पांढरा थर बसतो. मग मर्यादित विद्युतदाब सोडला की शॉर्ट झालेला घटक तापतो आणि नेमका त्याच्यावरचाच थर वितळून पारदर्शक होतो. महागड्या थर्मल कॅमेऱ्याचे काम राळेचा खडा करतो.

१३/
पाण्यात पडलेला फोन हा दुसरा नेहमीचा रुग्ण. विहीर, पाट, पाण्याची टाकी, पावसात भिजलेला खिसा. पाण्यातील क्षार आणि बॅटरीचा विद्युतदाब एकत्र आले की तांब्याचे मार्ग गंजू लागतात आणि हिरवट थर चढतो. म्हणून पहिला नियम : फोन बंद करा, शक्य असल्यास बॅटरी काढा, चालतो का हे पाहण्यासाठी चार्जरला लावू नका. तांदळात ठेवण्याचा उपाय लोकप्रिय असला तरी तांदूळ आतले क्षार काढत नाही. २०२४ मध्ये ॲपलनेही तो टाळण्याची सूचना केली. बोर्ड उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने व मऊ ब्रशने धुणे, हीच खरी शुश्रूषा.

१४/
दुरुस्तीच्या इतिहासात दूरचे कायदेही शिरतात. १ जुलै २००६ पासून युरोपीय संघात इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील शिशावर निर्बंध आले आणि जगभरच्या कारखान्यांनी शिसेविरहित सोल्डर स्वीकारले. जुने सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळे. नव्याला सुमारे २१७ अंश लागतात. शिवाय मुख्य आयसी आता पायांवर नव्हे, तर पोटाखालील सूक्ष्म सोल्डरच्या गोळ्यांवर बसू लागली. ट्रान्झिस्टरच्या काळातला सोल्डरिंग आयर्न येथे पोहोचू शकत नव्हता. ब्रसेल्समध्ये झालेल्या निर्णयामुळे तालुक्याच्या कारागिराला गरम हवेचे यंत्र विकत घ्यावे लागले.

१५/
२००७ साली आयफोन आला आणि फोनचा दर्शनी भाग काचेचा झाला. ही काच रासायनिक प्रक्रियेने कणखर केलेली असते : पृष्ठभागातील सोडियमच्या जागी आकाराने मोठे पोटॅशियम आयन बसवून तिच्यात दाब निर्माण केला जातो. तरी ती फुटतेच. काच, टच आणि डिस्प्ले एकमेकांना पारदर्शक गोंदाने चिकटवलेले असल्याने, फुटली केवळ काच तरी अनेकदा पूर्ण जोड बदलावा लागतो. दुकानदारांच्या भाषेत ‘फोल्डर’. निष्णात कारागीर तापत्या पट्टीवर फोन ठेवून, बारीक तारेने गोंद कापून, फक्त काच वेगळी करतो. ग्राहकाच्या खर्चात मोठा फरक पडतो तो या कौशल्याने.

१६/
याच काळात रचना उलट दिशेने वळू लागली. झाकणे गोंदाने बंद झाली. २०११ च्या सुमारास आयफोनवर पाच पाकळ्यांचे वेगळे स्क्रू आले, जे नेहमीच्या स्क्रू-ड्रायव्हरने निघत नाहीत. पुढे काही कंपन्यांनी सुटे भाग सॉफ्टवेअरद्वारे त्या-त्या फोनशी बांधले. अस्सल भाग बसवला तरी कंपनीच्या संमतीविना काही सुविधा चालत नाहीत. १९५६ च्या संचाची देखभाल सरकारी यंत्रणेकडे होती, म्हणून गाव तो उघडत नसे. आजचा फोन पूर्ण पैसे मोजून घेतलेला असतो, तरी तो उघडण्याचा अधिकार पुन्हा गावाबाहेर चालला आहे.

१७/
मार्च २०२० च्या टाळेबंदीत या प्रश्नाची धार दिसली. २५ मार्चपासून दुकाने बंद झाली. काही महिन्यांत शाळा फोनवर भरू लागली. ज्या घरात एकच फोन आणि तोही फुटलेला, त्या घरात शिक्षण दुरुस्तीवर अवलंबून होते. १९५६ मध्ये मुका संच म्हणजे चुकलेला कार्यक्रम होता; २०२० मध्ये बंद फोन म्हणजे चुकलेली इयत्ता ठरू शकत होती.

१८/
जगभर यावर कायदे होऊ लागले. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचा गुणांक छापणे बंधनकारक केले. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला संकेतस्थळ सुरू केले. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून स्मार्टफोनचे महत्त्वाचे सुटे भाग विक्री थांबल्यानंतरही ७ वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन आले.

१९/
हक्काबरोबर जबाबदारीही येते. फोनमध्ये संदेश, छायाचित्रे, बँकेचे व्यवहार असतात. त्यामुळे कारागीर हा केवळ तंत्रज्ञ नसून घरच्या कपाटाची किल्ली सोपवलेला माणूस असतो. फोनचा आयएमईआय क्रमांक बदलणे हा तर गुन्हाच आहे. दूरसंचार अधिनियम २०२३ नुसार त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कारावास आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण याच टेबलावर, मृत व्यक्तीच्या बंद पडलेल्या फोनमधून तिचा आवाज आणि छायाचित्रे परत मिळवली जातात. उद्याच्या इतिहासकाराची कागदपत्रे आज अशा बोर्डांवर आहेत.

२०/
१९५६ च्या प्रयोगाचा अहवाल छापला गेला, म्हणून आज त्या गावांविषयी बोलता येते. मोबाइल दुरुस्तीच्या तीन दशकांचा असा अहवाल नाही. आहेत त्या दुकानांतील नोंदवह्या, पावत्या, सुट्या भागांचे डबे आणि उस्ताद-शागिर्दांच्या आठवणी. रेडिओ उघडणारे हात आता थकले आहेत आणि वह्या रद्दीत जात आहेत. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाला संशोधनासाठी दूरच्या दफ्तरखान्यातच जावे लागते असे नाही. तालुक्याच्या बाजारपेठेतील दुरुस्तीचे टेबल हाही एक दफ्तरखाना आहे, आणि तो अद्याप उघडा आहे.